वातावरणीय सुदूर संवेदनाची संहत प्रकाशीय उपकरणे

वातावरणीय सुदूर संवेदनाची संहत प्रकाशीय उपकरणे : हवेतील वायू, धूलिकण, ढग व उच्च वातावरणातील थर यांच्याशी प्रत्यक्ष संपर्क न साधता, केवळ त्यांतून आलेल्या प्रकाशाच्या परीक्षणावरून त्यांचे प्रमाण, उंची किंवा तापमान ठरविणाऱ्या लहान आकाराच्या उपकरणांना ही संज्ञा लावतात. एका माणसास उचलून नेता येतील किंवा इमारतीची गच्ची, जहाज, मोटारगाडी अशा ठिकाणी बसविता येतील, इतपत त्यांचा आकार व वजन असते. सूर्यप्रकाशमापक, लघुवर्णपटमापक, सूक्ष्मस्पंद लायडार, ढगतळमापक व वातदीप्तिमापक ही या वर्गातील प्रमुख उपकरणे होत. वातावरण हे स्थळकाळानुसार सतत बदलणारे माध्यम असल्यामुळे एखाद्या मोठ्या वेधशाळेतील एकाच उत्तम उपकरणाने त्याचे चित्र पुरे होत नाही. अनेक ठिकाणी एकाच वेळी वेध घ्यावे लागतात. संहत उपकरणांचे महत्त्व यातच आहे. मात्र उपकरण लहान होताना त्यात शिरणारा प्रकाश कमी होतो आणि अचूकता राखणे अवघड होते. या दोन बाजूंचा मेळ घालणे हा या क्षेत्रातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

तत्त्वे : वातावरणातून जाताना प्रकाशावर मुख्यतः दोन परिणाम होतात. विशिष्ट वायू विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात, उदा., ओझोन जंबुपार प्रकाश, तर नायट्रोजन डायऑक्साइड निळा प्रकाश शोषतो. याशिवाय रेणू व कण प्रकाश सर्व दिशांना विखुरतात. यास प्रकीर्णन म्हणतात. हवेच्या रेणूंमुळे होणारे प्रकीर्णन तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे ४०० नॅनोमीटर (नॅमी.; १ नॅमी. म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग) तरंगलांबीचा प्रकाश ८०० नॅमी. प्रकाशाच्या १६ पट अधिक विखुरला जातो. धूर, धूळ, मीठ यांच्या हवेत तरंगणाऱ्या कणांनी म्हणजे वायुकलिलांनी होणारे प्रकीर्णन तरंगलांबीवर इतके तीव्रपणे अवलंबून नसते. या फरकामुळेच रेणूंचा व कणांचा वाटा वेगळा काढता येतो. तिसरी प्रक्रिया उत्सर्जनाची असून उच्च वातावरणातील अणू व रेणू स्वतःच मंद प्रकाश बाहेर टाकतात.

प्रकाशाच्या उगमानुसार उपकरणांचे दोन वर्ग पडतात. सूर्य, चंद्र, आकाश किंवा वातावरणाची स्वतःची दीप्ती यांच्या प्रकाशावर चालणारी उपकरणे अक्रिय होत. लेसरसारखा स्वतःचा प्रकाश पाठवून त्याचा परतलेला अंश मोजणारी उपकरणे सक्रिय होत. पहिल्या वर्गातील उपकरणे साधी व अल्प विजेवर चालणारी असतात. दुसऱ्या वर्गातील उपकरणांनी निरनिराळ्या उंचींवरील थर अलग ओळखता येतात.

आकार घटविण्याचे परिणाम : दूरदर्शकाचे छिद्र निम्म्या व्यासाचे केल्यास त्यातून येणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. २० सेंमी. व्यासाच्या भिंगाऐवजी ५ सेंमी.चे भिंग वापरल्यास तो सोळाव्या हिश्शावर येतो. प्रकाश फोटॉनांच्या रूपाने येत असून त्यांच्या संख्येतील स्वाभाविक चढउतार संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. म्हणून प्रकाश सोळाव्या हिश्शावर आल्यास संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर एक चतुर्थांश होते. ते पूर्ववत करण्यासाठी वेध सोळा पट अधिक काळ घ्यावा लागतो आणि तेवढ्या वेळात वातावरणच बदलण्याचा संभव असतो. वर्णपटमापकातही अशीच अडचण येते. लहान अंतरात प्रकाश पुरेसा पसरत नाही आणि शेजारच्या तरंगलांब्या एकमेकींत मिसळतात. शिवाय आतील पृष्ठभागांवरून परावर्तित झालेला भटका प्रकाश लहान पेटीत अभिज्ञातकापर्यंत सहज पोहोचतो.

या उणिवांची भरपाई प्रामुख्याने अभिज्ञातकांच्या प्रगतीमुळे झाली. प्रकाशगुणक नलिकेने एकेक फोटॉन मोजणे शक्य झाले. पण तिला उच्च दाबाचा विद्युत् पुरवठा लागतो. सिलिकॉनच्या प्रकाशद्विप्रस्थामुळे (फोटोडायोडमुळे) प्रकाशाच्या तीव्रतेचे मापन थोड्या व्होल्टवर होऊ लागले. १९६९ मध्ये विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विद्युत् भार युग्मित प्रयुक्तीची कल्पना मांडली. या कार्याबद्दल त्यांना २००९ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या प्रयुक्तीमुळे संपूर्ण वर्णपट एकाच वेळी नोंदता येऊ लागला आणि जालक फिरवून एकेक तरंगलांबी तपासण्याची गरज बहुतांशी उरली नाही. प्रकाशीय तंतू, व्यतिकरण गाळण्या, अर्धसंवाहक लेसर व पेल्त्ये परिणामावर चालणारे लहान शीतक यांनीही आकार घटविण्यास हातभार लावला.

इतिहास : वातावरणातील एखाद्या वायूचे प्रमाण प्रकाशाच्या साह्याने नियमितपणे मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न ओझोनाच्या बाबतीत झाला. ऑक्सफर्ड येथील जी. एम. बी. डॉब्सन यांनी १९२० नंतरच्या दशकात वर्णपटलेखक तयार करून ते निरनिराळ्या देशांत पाठविले. त्यांपैकी एक १९२८ च्या सुमारास तमिळनाडूतील कोडईकानल येथे आले. या उपकरणांत वर्णपटाचे छायाचित्र काचपट्टीवर घेत आणि मापनासाठी काचपट्ट्या ऑक्सफर्डला परत पाठवीत. नंतरच्या प्रकाशविद्युत् उपकरणात ३०५.५ व ३२५.४ नॅमी. यांसारख्या तरंगलांब्यांच्या जोडीतील तीव्रतांची तुलना केली जाते. जोडीतील लघू तरंगलांबी ओझोन अधिक शोषतो, दीर्घ तरंगलांबी कमी शोषतो. या फरकावरून डोक्यावरील एकूण ओझोन कळतो. हे उपकरण अत्यंत विश्वसनीय असले, तरी ते एक मीटरहून अधिक लांबीचे व जड आहे. भारतात दिल्ली व पुणे यांसारख्या ठिकाणी ओझोनाची मोजमापे प्रथम डॉब्सन उपकरणाने आणि पुढे ब्रूअर वर्णपटमापकानेही करण्यात आली.

भारतीय हवेची धूसरता ही या मापनातील विशेष अडचण होती. के. आर. रामनाथन व आर. व्ही. करंदीकर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, धूळ व धूसर हवा यांचा डॉब्सन उपकरणाच्या मोजमापांवर होणारा परिणाम तपासला. कणांचे प्रकीर्णन जोडीतील दोन्ही तरंगलांब्यांना अगदी सारखे लागू पडत नाही. त्यामुळे केवळ एका जोडीवर विसंबल्यास कणांचा परिणाम ओझोनाच्या आकड्यात शिरतो. दोन निरनिराळ्या जोड्या एकत्र वापरून तो बव्हंशी वगळता येतो. हाच विचार पुढील बहुतेक सर्व संहत उपकरणांना लागू पडतो : एका तरंगलांबीवरील मापन संदिग्ध असते, अनेक तरंगलांब्यांच्या तुलनेने ते निश्चित होते.

सूर्यप्रकाशमापक : हे या वर्गातील सर्वांत साधे उपकरण होय. सूर्याकडे रोखलेली अरुंद नळी, एक वा अधिक व्यतिकरण गाळण्या, अभिज्ञातक व विवर्धक एवढेच त्याचे मुख्य भाग असतात. जर्मन शास्त्रज्ञ फ्रेडरिक फोल्ट्स यांनी १९५९ मध्ये हातात धरून वापरता येणारा सूर्यप्रकाशमापक तयार केला. वातावरणाबाहेरील सूर्यप्रकाशाची तीव्रता व जमिनीवर मोजलेली तीव्रता यांच्या गुणोत्तरावरून वातावरणाची प्रकाशीय जाडी काढतात. ही जाडी ०.५ असल्यास डोक्यावर असलेल्या सूर्याचा सु. ६१ टक्के थेट प्रकाश जमिनीवर पोहोचतो. सूर्य क्षितिजापासून ३०° उंचीवर असताना किरणांचा मार्ग दुप्पट होतो व हे प्रमाण सु. ३७ टक्क्यांवर येते. एकूण जाडीतून हवेच्या रेणूंचा व शोषक वायूंचा वाटा वजा केला म्हणजे वायुकलिलांचा वाटा उरतो.

ही जाडी तरंगलांबीनुसार कशी बदलते, यावरून कणांच्या आकाराचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी स्वीडिश शास्त्रज्ञ अँडर्स आँग्स्ट्रम यांनी १९२९ मध्ये सुचविलेला घातांक वापरतात. धुरातील सूक्ष्म कणांसाठी तो मोठा, तर वाळवंटी धूळ किंवा समुद्री मीठ यांच्या जाड कणांसाठी लहान असतो. म्हणून एकाच ठिकाणची धूसरता जाळलेल्या पदार्थांमुळे आहे की वाऱ्याने आणलेल्या धुळीमुळे, हे केवळ पाच-सहा गाळण्यांच्या हाती धरावयाच्या उपकरणानेही बऱ्याच अंशी ओळखता येते.

भारतीय मध्य वातावरण कार्यक्रमाच्या काळात (१९८२–८९) तिरुवनंतपुरम् येथील अवकाश भौतिकी प्रयोगशाळेने ३८० ते १,०२५ नॅमी. या पट्ट्यातील दहा तरंगलांब्यांवर काम करणारा बहुतरंगी प्रारणमापक विकसित केला व त्याच्या साह्याने देशातील वायुकलिलांच्या निरीक्षणांचे जाळे उभे राहिले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत २००४ पासून आंतरराष्ट्रीय ‘एरोनेट’ जाळ्यातील स्वयंचलित सूर्यप्रकाशमापकाचे केंद्र सुरू झाले. हे उपकरण सौर विद्युत् घटावर चालते व स्वतः सूर्याचा माग घेते. त्याच वर्षी फेब्रुवारीत भारतीय अवकाश संशोधन संघटनेच्या कार्यक्रमाखाली द्वीपकल्पीय भारतात रस्त्याने फिरून वायुकलिलांची मोहीम पार पाडण्यात आली. वाहनांतून नेता येणारी उपकरणे अनेक संस्थांच्या पथकांनी वापरल्यामुळे किनारा, पठार, शहर व ग्रामीण भाग यांतील फरक एकाच महिन्यात नोंदता आले. स्थिर वेधशाळांच्या जोरावर ही मोहीम शक्य झाली नसती.

लघुवर्णपटमापक : ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड, फॉर्माल्डिहाइड इ. वायूंच्या शोषणपट्टांचा आकार ठराविक असतो. त्यामुळे बोटांच्या ठशांप्रमाणे ते वर्णपटात ओळखता येतात. वर्णपटातील सावकाश बदलणारा भाग (कणांचे व रेणूंचे प्रकीर्णन) बाजूस सारून शीघ्र बदलणाऱ्या खाचांची प्रयोगशाळेतील नोंदींशी तुलना करण्याच्या पद्धतीस भेददर्शी प्रकाशीय शोषण वर्णपटविज्ञान म्हणतात. अमेरिकेतील जे. एफ. नॉक्सन यांनी १९७५ मध्ये संधिप्रकाशातील आकाशाच्या वर्णपटावरून स्थितांबरातील नायट्रोजन डायऑक्साइड मोजून दाखविला. उल्रिख प्लाट व डी. पेर्नर यांनी या पद्धतीस १९७०–८० च्या सुमारास व्यापक रूप दिले.

संधिप्रकाशाचा उपयोग करण्यामागे भूमितीय कारण आहे. सूर्य क्षितिजावर असताना त्याचे किरण स्थितांबरातून तिरपे, लांब मार्गाने जातात व त्यानंतर निरीक्षकाच्या डोक्यावरील हवेकडून खाली विखुरले जातात. त्यामुळे उभ्या स्तंभाच्या सु. १५ ते २० पट शोषण नोंदले जाते. अत्यल्प प्रमाणातील वायूही त्यामुळे मोजता येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत डी. बी. जाधव, ए. एल. लोंढे, सी. एस. भोसले, जी. एस. मीना इ. शास्त्रज्ञांनी दृश्य प्रकाशातील स्वयंचलित वर्णपटमापकांच्या साह्याने पुण्यावरील नायट्रोजन डायऑक्साइड व ओझोन यांच्या स्तंभप्रमाणांचा अनेक वर्षे अभ्यास केला. उपकरणाची दिशा डोक्यावरून हळूहळू क्षितिजाकडे वळवीत वर्णपट घेतल्यास भूपृष्ठालगतच्या थरातील प्रदूषकांचेही मापन होते. वाहनांची वर्दळ, सकाळ-संध्याकाळ व ऋतू यांनुसार होणारे बदल या पद्धतीने पुण्यात अभ्यासण्यात आले आहेत.

हाताच्या तळव्यावर मावतील असे वर्णपटमापक १९९० नंतर उपलब्ध झाल्यामुळे ही पद्धत सर्वत्र पसरली. अशा उपकरणांना एक नैसर्गिक साह्य लाभते. सूर्याच्या वर्णपटातील काळ्या फ्राउनहोफर रेषांच्या तरंगलांब्या पक्क्या ठाऊक असल्याने तापमानामुळे उपकरणाचे तरंगलांबीचे माप सरकले, तरी प्रत्येक नोंदीतून ते दुरुस्त करता येते.

लायडार : लेसर किरण आकाशात सोडून परत आलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्रणेस लायडार म्हणतात [→ लेसर]. जोर्जो फ्योको व एल. डी. स्मलिन यांनी १९६३ मध्ये माणिक लेसर वापरून उच्च वातावरणातील थरांचे असे वेध घेतले. स्पंद सोडल्यापासून प्रतिध्वनी येईपर्यंतच्या कालावधीवरून अंतर कळते. प्रकाश जाऊन येत असल्यामुळे १०० नॅनोसेकंदांचा कालखंड १५ मी. उंचीच्या थराशी जुळतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत १९८६ पासून आर्गॉन आयन लेसरवर आधारित द्विस्थानी लायडारने वायुकलिलांचे वेध घेण्यात आले, पी. सी. एस. देवरा व पी. अर्नेस्ट राज यांनी त्यांवर विपुल संशोधन केले. या लेसरचा प्रकाश अखंड असून त्यात स्पंद नसतात. म्हणून प्रकाश पाठविणारा व तो ग्रहण करणारा असे दोन भाग परस्परांपासून दूर ठेवून दोघांच्या दिशा जेथे छेदतात, त्या बिंदूची उंची भूमितीने काढतात. ग्राहकाचा कोन बदलत गेल्यास भूपृष्ठालगतचे निरनिराळे थर क्रमाने तपासता येतात. अवघड व महाग स्पंद लेसर नसतानाही उंचीनुसार माहिती मिळविण्याचा हा मार्ग होता.

संहत लायडारच्या विकासात १९९३ मध्ये जे. डी. स्पिनहर्न यांनी वर्णन केलेला सूक्ष्मस्पंद लायडार महत्त्वाचा ठरला. मोठ्या लायडारमध्ये एकेका स्पंदाची ऊर्जा १ जूलपर्यंत असू शकते. सूक्ष्मस्पंद लायडारमध्ये ती सु. १० मायक्रोजूल, म्हणजे एक लक्षांश इतकीच असते. त्याऐवजी सेकंदास सु. २,५०० स्पंद सोडले जातात व परतलेले फोटॉन एकेक मोजून त्यांची दीर्घकाळ बेरीज केली जाते. दोन स्पंदांमध्ये ४०० मायक्रोसेकंद मिळत असल्याने ६० किमी. अंतरापर्यंतचे प्रतिध्वनी परस्परांत मिसळत नाहीत. हिरव्या प्रकाशाच्या १० मायक्रोजूल स्पंदातही सु. २६ लक्ष कोटी फोटॉन असतात. परतणारे मात्र अगदी थोडे असल्यामुळे दिवसा आकाशाचा उजेड अरुंद गाळणीने अडविणे आवश्यक ठरते. शलाका रुंद करून सोडल्यामुळे ती डोळ्यांस अपाय करीत नाही. त्यामुळे असे उपकरण वस्तीत व विमानमार्गांजवळ अखंड चालू ठेवता येते. पुण्याच्या संस्थेनेही या प्रकारचे लायडार वापरले आहे. याच तत्त्वावर अवरक्त अर्धसंवाहक लेसरने चालणारे ढगतळमापक विमानतळांवर ढगांच्या तळाची उंची देतात.

वातदीप्तिमापक : चंद्र नसलेल्या रात्रीही आकाश पूर्ण काळे नसते. दिवसा सूर्याच्या प्रारणाने विघटित झालेले अणू व रेणू रात्री पुन्हा संयोग पावताना मंद प्रकाश टाकतात. त्यास वातदीप्ती म्हणतात. ऑक्सिजन अणूची ५५७.७ नॅमी. हिरवी रेषा सु. ९७ किमी., सोडियमाची पिवळी रेषा सु. ९० किमी., हायड्रॉक्सिल रेणूंचे पट्ट सु. ८७ किमी. आणि ऑक्सिजनाची ६३० नॅमी. तांबडी रेषा सु. २५० किमी. उंचीवरून येते. प्रत्येक रंग निराळ्या उंचीचा असल्यामुळे केवळ गाळणी बदलून निराळा थर पाहता येतो. हे थर बलूनांच्या आवाक्याबाहेर व उपग्रहांच्या नेहमीच्या कक्षांच्या खाली असल्यामुळे या वेधांना विशेष महत्त्व आहे.

वातदीप्तीची रेषा आकाशाच्या पार्श्वप्रकाशापासून अलग करण्यासाठी कलत्या गाळणीचा प्रकाशमापक वापरतात. व्यतिकरण गाळणी कलविली असता तिच्यातून पार होणारा पट्टा लघू तरंगलांबीकडे सरकतो. गाळणीचा परिणामी अपवर्तनांक २ असल्यास १०° कलाने ६३० नॅमी.चा पट्टा सु. २.४ नॅमी.ने सरकतो. एकदा रेषेवर व एकदा रेषेच्या बाजूस असे मापन करून त्यांतील वजाबाकीने रेषेची खरी तीव्रता मिळते. एका लहान चकतीच्या हालचालीने मोठ्या वर्णपटमापकाचे काम होते.

महाराष्ट्रात हे कार्य मुख्यतः भारतीय भूचुंबकत्व संस्थेने केले. मुंबईतील कुलाबा वेधशाळेच्या परंपरेतून १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या या संस्थेचे मुख्यालय पुढे पनवेल तालुक्यात नवीन पनवेल येथे आले. या परंपरेत स्थलांतराचा एक जुना दाखलाही आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, हे दिसताच चुंबकीय वेध बिघडू नयेत म्हणून ते अलिबाग येथे नेण्यात आले व १९०४ पासून तेथे चालू झाले. वातदीप्तीचे वेध घेण्यासाठीही शहरी दिव्यांपासून दूरचे अंधारे आकाश लागते. संस्थेने कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात वातदीप्तिमापक व पुढे सर्वआकाश प्रतिमाग्राहक वापरून वेध घेतले. तांबड्या रेषेच्या प्रतिमांत कधीकधी दक्षिणोत्तर पसरलेले व पूर्वेकडे सरकणारे काळे पट्टे दिसतात. आयनांबरात घनता एकाएकी घटलेले हे भाग असून त्यांना आयनद्रायूचे बुडबुडे म्हणतात. त्यांतून जाणारे रेडिओ संकेत अस्थिर होतात व उपग्रहाधारित स्थाननिश्चितीत दोष येतो. त्यामुळे नौकानयन व विमानवाहतूक यांच्या दृष्टीनेही हे वेध उपयुक्त आहेत.

अंशांकन : उपकरण दाखवीत असलेला आकडा व मूळ भौतिक राशी यांचा संबंध ठरविण्याच्या क्रियेस अंशांकन म्हणतात. संहत उपकरणांची खरी कसोटी येथेच लागते. सूर्यप्रकाशमापकाच्या बाबतीत वातावरणाबाहेर त्याचे वाचन किती येईल, हे ठाऊक असावे लागते. तेथे उपकरण नेता येत नसल्यामुळे एस. पी. लँग्ली यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरतात. सूर्य चढताना मार्गाची लांबी कमी होत जाते. त्या लांबीसमोर वाचनाचा लॉगरिथम मांडून येणारी सरळ रेषा शून्य लांबीपर्यंत वाढविली की वातावरणाबाहेरील वाचन मिळते. मात्र या वेळात हवेची धूसरता स्थिर राहावी लागते. म्हणून ही क्रिया उंच व स्वच्छ ठिकाणी करतात. ‘एरोनेट’ची संदर्भ उपकरणे हवाईतील सु. ३,४०० मी. उंचीच्या मौना लोआ वेधशाळेत अंशांकित केली जातात. या संदर्भवाचनात एक टक्का चूक झाल्यास, सूर्य डोक्यावर असताना, प्रकाशीय जाडीत ०.०१ इतकी चूक येते. स्वच्छ सागरी हवेची एकूण कणजन्य जाडीच ०.१ च्या आसपास असू शकते, हे लक्षात घेता या चुकीचे गांभीर्य ध्यानात येते.

लहान उपकरणाचे वाचन हळूहळू ढळतही जाते. आर्द्रतेमुळे गाळण्यांचे थर खराब होतात, भिंगांवर बुरशी धरते आणि धूळ साचते. सिलिकॉन अभिज्ञातकाची १,०२० नॅमी.वरील संवेदनक्षमता तापमानातील दर अंशाला सु. पाव टक्क्याने बदलते. उन्हात तापलेल्या पेटीत २० अंशांचा फरक पडल्यास वाचन सु. ५ टक्क्यांनी सरकते. असे दोष आकड्यावरून दिसत नाहीत. चुकीचा आकडाही बरोबर आकड्यासारखाच दिसतो. दहा उपकरणे दहा ठिकाणी ठेवली आणि ती सामाईक प्रमाणाशी ताडून पाहिली नाहीत, तर दोन ठिकाणांतील फरक हवेचा की उपकरणांचा, हे सांगता येत नाही. म्हणून उपकरणांचे जाळे उभारताना ठराविक काळाने सर्व उपकरणे एकत्र आणून शेजारीशेजारी चालविणे, हा कार्यक्रमाचा अविभाज्य भाग मानला जातो.

कोकण व घाटमाथ्यावरील उपयोग : संहत उपकरणांची गरज पनवेल परिसराच्या भूरचनेवरून चांगली लक्षात येते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव शिरढोण (ता. पनवेल, जि. रायगड) हे मुंबई–गोवा महामार्गावर, कर्नाळा किल्ल्याच्या उत्तरेस आहे. पश्चिमेस खाड्या व न्हावा-शेवा बंदर, उत्तरेस तळोजे व पूर्वेस पाताळगंगा-रसायनी ही औद्योगिक क्षेत्रे, जवळून जाणारे महामार्ग, दक्षिणेस कर्नाळ्याचे अरण्य आणि पूर्वेस सह्याद्रीची भिंत, अशी त्याच्या आसपासची मांडणी आहे. हिवाळ्यात रात्री व पहाटे जमिनीवरून वाहणारा मंद वारा धूर व धूळ सखल भागात साठवितो. ऊन वाढल्यावर समुद्रावरून येणारे खारे वारे दमट हवा आत ढकलतात, तेव्हा मिठाचे जाड कण मिसळून धूसरतेचे स्वरूपच बदलते. हा बदल काही तासांत व काही किलोमीटरांत घडून येतो.

उपग्रहांना हे सूक्ष्म बदल पुरतेपणी टिपता येत नाहीत. १९९९ व २००२ मध्ये सोडलेल्या ‘टेरा’ व ‘अक्वा’ उपग्रहांवरील ‘मोडिस’ उपकरणाची वायुकलिलांची मूळ नोंद सु. १० किमी. चौरसाची होती, त्यात खाडी, डोंगर व कारखाने एकत्र येतात. २०१७ मध्ये सोडलेल्या ‘सेंटिनेल-५पी’वरील ‘ट्रोपोमी’ उपकरणाने नायट्रोजन डायऑक्साइडासाठी हे क्षेत्र सु. ५.५ × ३.५ किमी. इतके लहान केले. तरीही तो उपग्रह दुपारी दीडच्या सुमारासच जात असल्यामुळे पहाटेचा साठा व संध्याकाळची वर्दळ त्याला दिसत नाही. गावाच्या शाळेच्या किंवा पंचायतीच्या गच्चीवर मावणारे उपकरण दिवसभर वेध घेऊ शकते. अशी उपकरणे किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत एका रेषेत ठेवल्यास हवेचा प्रवास पायरीपायरीने मांडता येतो, तसेच उपग्रहांचे निष्कर्ष तपासता येतात. भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वर येथे उच्चस्थानी मेघ भौतिकी प्रयोगशाळा सुरू केल्यामुळे घाटमाथ्यावरील ढग व कण यांच्या अभ्यासास कायमचे ठाणे मिळाले.

मर्यादा : सूर्यावर अवलंबून असलेली उपकरणे ढगाळ आकाशात निरुपयोगी ठरतात. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात त्यांच्या नोंदी फार तुरळक असतात. सु. १९° उत्तर अक्षांशावर जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर येतो, पण नेमका तेव्हाच तो मेघांआड असतो. परिणामी उपलब्ध सरासरी आकडे निरभ्र दिवसांचेच असतात. ते संपूर्ण वर्षाचे समजल्यास दिशाभूल होते. लायडारची शलाका दाट ढगात थोड्याच अंतरावर विझते. त्याला ढगाचा तळ कळतो, माथा कळत नाही. स्तंभातील एकूण प्रमाणावरून माणसाच्या श्वासाच्या उंचीवरील प्रमाण थेट मिळत नाही. कण उंचावरील थरात असल्यास आकाश धूसर असूनही जमिनीलगतची हवा तुलनेने स्वच्छ असू शकते. म्हणून सूर्यप्रकाशमापक, लायडार व जमिनीवरील प्रत्यक्ष नमुनामापन यांची सांगड घालावी लागते.

ही उपकरणे स्वस्त व लहान होत गेल्यामुळे विद्यापीठे, महाविद्यालये व स्थानिक संस्था यांनाही वातावरणाचे वेध घेणे शक्य झाले आहे. पर्जन्य, शेती, आरोग्य व दळणवळण यांविषयीचे निर्णय अशा नोंदींवर आधारले जाऊ लागल्याने त्यांच्या विश्वसनीयतेची जबाबदारीही वाढली आहे. नियमित अंशांकन, स्वच्छता, तापमानाची नोंद व वेध घेण्याच्या ठिकाणाची तपशीलवार माहिती यांची जोड असेल, तरच उपकरणांची वाढती संख्या ज्ञानात भर घालते.